घाट चढून थांबलेली जुनी पेट्रोल गाडी परत चालू होत नसेल तर कार्बोरेटर खोलायच्या आधी हे बघा

मार्च ते मे या दिवसांत करूळ घाट चढून वर आलं, गगनबावड्यात चहाला थांबलं आणि निघताना सेल्फ मारला तर गाडी नुसतीच फिरते, पेट घेत नाही. पद्मिनी, अ‍ॅम्बॅसेडर, कार्बोरेटरवाली मारुती 800, पेट्रोल जीप, यातलं काही दारात असेल तर हे ओळखीचंच असणार. मग मेकॅनिक येतो, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) खोलतो, साफ करून परत बसवतो आणि गाडी चालू होते, पण खरं बघायला गेलं तर तेवढ्या तासाभरात इंजिन थंड झालेलं असतं म्हणून ती चालू होते.

होतं काय, तर या गाड्यांचा पेट्रोल पंप इंजिनलाच बसवलेला असतो आणि तो मागच्या टाकीतनं पेट्रोल ओढून घेतो. ओढणाऱ्या बाजूला प्रेशर कमी, आणि प्रेशर कमी झालं की पेट्रोल लवकर उकळतं. त्यातला हलका भाग तसाही 35-40 डिग्रीलाच उकळायला लागतो. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर इंजिन तापतं, वारा लागत नाही, आणि थांबल्यावर तर फॅन आणि पाणी दोन्ही बंद, त्यामुळं बोनेटखालची उष्णता अजून वाढते. पंपात वाफ भरली की पंप ती वाफच दाबत बसतो, पेट्रोल पुढं जात नाही. हाच व्हेपर लॉक.

आणि आता पेट्रोल भरायच्या पंपावर मिळतं ते पेट्रोल 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं. आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातले साखर कारखाने ते उसापासनं बनवतात ही चांगलीच गोष्ट आहे, पण इथेनॉल एकटं 78 डिग्रीला उकळत असलं तरी पेट्रोलमध्ये मिसळलं की मिश्रणाची वाफ उलट सहज होते. शिवाय जुने रबरी पाइप त्यानं फुगतात, चिरतात, आणि चिरलेल्या पाइपातनं पंप हवा ओढतो. म्हणून आधी पाइप बदला, इथेनॉल चालणारेच घ्या.

आता रस्त्यात अडकलाय तर पहिल्यांदा खात्री करा. एअर क्लीनर काढा, इंजिन बंद ठेवून कार्बोरेटरच्या तोंडात बघत अ‍ॅक्सिलरेटरचा लिव्हर हातानं ओढा. आत पेट्रोलची बारीक धार उडाली म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आहे, मग व्हेपर लॉक नाही, ठिणगीचं काम बघणारे भाग, म्हणजे तापलेली कॉइल नाहीतर कंडेन्सर बघा. वास भपकन आला आणि आतनं ओलं दिसलं तर पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये (कार्बोरेटरमधनं इंजिनकडं जाणाऱ्या नळीत) सांडलंय, तेव्हा चोक न ओढता, पेडल पूर्ण दाबून धरून सेल्फ मारा, पंपिंग करू नका. आणि धारच येत नसेल, सगळं कोरडं असेल, तर टाकीचं झाकण उघडून बघा, सूं करून हवा आत गेली तर झाकणाचं भोक बुजलंय. तसं काही नसेल तर बहुतेक व्हेपर लॉकच.

मग गाडी सावलीत ढकला, बोनेट उघडा आणि सेल्फ मारत बसू नका, बॅटरी उतरली की दुसरं दुखणं. ओलं फडकं पंपावर आणि पंपापासनं कार्बोरेटरपर्यंतच्या पाइपवर ठेवा, सुकलं की परत भिजवा. बादलीनं पाणी अजिबात ओतू नका, इंजिनमधला धूर बाहेर नेणारा तापलेला बिडाचा मॅनिफोल्ड तडकतो. गरम इंजिनवर पेट्रोलचा पाइप सैल करणं पण नको, आग लागते. जुन्या बऱ्याच पंपांना खाली हातानं मारायचा छोटा लिव्हर असतो, पंप गार लागला की तो मारत रहा, कार्बोरेटर भरला की हाताला जोर लागायचा थांबतो. सुरुवातीपासनंच लिव्हर ढिला लागत असेल तर इंजिन थोडं फिरवून परत मारा.

कायमचा इलाज म्हणाल तर पंप आणि इंजिनच्या मधला जाड इन्सुलेशनचा ठोकळा जागेवर आहे का ते बघा. कितीतरी गाड्यांत तो कधीतरी तुटलेला असतो आणि नुसत्या कागदी पॅकिंगवर पंप बसवलेला असतो, मग इंजिनची सगळी उष्णता सरळ पंपात. ठोकळा मिळाला नाही तर उद्यमनगरात बेकेलाइटचा करून घ्या, पण जाडी मूळचीच ठेवा, जास्त जाड झाला की पंपाचा स्ट्रोक, म्हणजे दर वेळची हालचाल, कमी होतो. पेट्रोलचा पाइप सायलेन्सरपासनं लांब घेऊन क्लिपनं बांधा, जिथं जवळनंच न्यावा लागतो तिथं मधे अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लावा. रेडिएटर, फॅन बेल्ट आणि टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) नीट नसेल तर यातलं काहीच उपयोगी पडणार नाही.

एवढं करूनही त्रास राहिला तर टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवा, कारण तो पेट्रोल ओढण्याऐवजी ढकलतो. फक्त कार्बोरेटरसाठीचा, 2 ते 4 पीएसआय (प्रेशरचं माप) वालाच घ्या, इंजेक्शन गाडीचा जोरदार पंप लावला तर कार्बोरेटर भरला की पेट्रोल बंद करणारी फ्लोटची सुई ते अडवू शकत नाही आणि ते वरनं वाहतं. आणि इंजिन बंद पडलं की पंपही आपोआप बंद होईल असा स्विच वायरमनकडनं लावूनच घ्या, अपघातात पाइप तुटला तर पंप पेट्रोल ओतत राहील.