नेट सुरक्षेच्या सरकारी मसुद्यावर हरकत कशी पाठवायची

पुण्यात डीपीच्या, म्हणजे शहराच्या विकास आराखड्याच्या मसुद्यावर हजारो लोकांनी हरकती दिल्या होत्या, मग फोनमधल्या आपल्या माहितीबद्दल गप्प का बसायचं? संबंधित मंत्रालयाच्या साइटवरून मसुद्याची पीडीएफ काढा आणि शेवटची तारीख आधी बघा. २०१४ च्या केंद्राच्या धोरणानुसार कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायला हवा, कमी दिवस दिले असतील तर तीच पहिली हरकत.

मग वाचायला बसा, आणि हे नीट करा, कारण खरी मेख शब्दांत असते. कुठली माहिती साठवणार, किती दिवस, कोण बघणार, कोणाच्या परवानगीने? एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या (केंद्राची सायबर सुरक्षा संस्था) आदेशात व्हीपीएन (नेटवर आपली ओळख झाकणारी सेवा) कंपन्यांना ग्राहकांची नावं-पत्ते ५ वर्षं ठेवायला सांगितलं, तेव्हा काही कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच काढून टाकले. सुरक्षा हवीच, ऑनलाइन फसवणुकीत लोकांचे आयुष्यभराचे पैसे जातायत, पण सगळ्यांचीच माहिती साठवून ठेवणं मला पटत नाही, ती फुटली तर काय करायचं?

हरकत लिहिताना कलम नंबर टाका आणि सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाचा आधार घ्या. नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपण मूलभूत हक्क मानलाय, त्यामुळे त्यावर बंधन घालायचं तर कायदा हवा, योग्य हेतू हवा आणि बंधन गरजेपुरतंच हवं. कॉपी-पेस्ट नको, मराठीत लिहिलं तरी चालेल, स्वतःचं उदाहरण द्या. पाठवल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, नंतर १० रुपयांत आरटीआय टाकून आलेल्या हरकतींचं काय झालं ते विचारता येतं.