प्रवासातलं सगळं चित्रावर चिकटवण्याआधी

सहलीहून आलं की लोक पिशवी उपडी करून बसतात. तिकीट, वाळू, वाळलेलं पान, सगळं त्याच संध्याकाळी कागदावर. पुढच्या पावसाळ्यात तेच चित्र माझ्यापुढे धरतात, "ताई, हे असं का झालं?"

एसटीचं तिकीट थेट चिकटवू नका. मशीनमधून निघणारं तिकीट थर्मल कागदाचं असतं. त्यावर शाई नसतेच. कागदावरचा लेप उष्णतेने काळा पडतो, तीच अक्षरं. विजयदुर्गाच्या चित्रात मी असं तिकीट तटाखालच्या खडकांच्या जागी लावलं, वरून जेल मीडियमचा, म्हणजे ॲक्रिलिक रंगांसोबत वापरतात त्या घट्ट, वाळल्यावर पारदर्शक होणाऱ्या चिकट लेपाचा, हात दिला आणि लवकर वाळावं म्हणून हेअर ड्रायर धरला. बघता बघता तिकीट काळंठिक्कर पडलं. आईबरोबर गेले होते त्या दिवसाचा तेवढाच कागद माझ्याकडे होता. ड्रायर धरला नसता तरी उजेडाने अक्षरं पुसट झालीच असती. तेव्हापासून घरी पोचल्यावर पहिली तिकिटाची झेरॉक्स काढते. चित्रावर ती जाते, मूळ तिकीट वहीत राहतं. इंकजेटची प्रिंट मात्र नको, ओल्या गोंदात तिचा रंग पसरतो. आणि ड्रायर मी कपाटातच ठेवते. थर वाळायला रात्र लागत असेल तर लागू द्या. एवढा धीर नसेल त्याने साधं जलरंगातलं चित्र काढावं, त्यातही आनंद आहे.

वाळूचंही तसंच. किनाऱ्यावरची वाळू न धुता वापरली की मीठही चित्रात जातं. मीठ हवेतली ओल ओढतं. मग पावसाळ्यात ती जागा दमट होते, पांढरे डाग उमटतात, काचेआड बुरशी धरते. मी गोड्या पाण्यात सहा वेळा धुते, दोन दिवस कडक उन्हात पसरते आणि जेल मीडियममध्ये कालवते. साधा पांढरा फेविकॉल ओलीने मऊ पडतो. जांभ्याची तांबडी माती आणलीत तर जुन्या मलमलीतून चाळा.

कागद ३०० जीएसएमहून (चौरस मीटरमागे इतके ग्रॅम वजन) पातळ नको, फुगतो. तैलखडू सगळ्यात शेवटी, त्याच्यावर ॲक्रिलिक धरत नाही. कासच्या पठारावरचं फूल तोडून आणू नका, कुठल्याही चित्रासाठी नाही.

आणि फोनमधला फोटो समोर ठेवून सुरुवात करू नका. माझ्या फोटोत विजयदुर्गाचा तट नुसता करडा आहे. मला आठवते ती ओहोटीनंतर खडकांवर राहिलेली हिरवट चमक. आधी आठवेल तेवढं पेन्सिलीने काढते. फोटो त्यानंतर, बुरूज मोजण्यापुरता.