कॉम्प्युटरवर चालणारी डीव्हीडी प्लेअरवर अडते तेव्हा

लग्नामुंजीची घरी बर्न केलेली डीव्हीडी कॉम्प्युटरवर नीट दिसते, पण टीव्हीचा प्लेअर ती घेतच नाही किंवा ती मध्येच अडकते. टाकून देण्याआधी हे बघा.

१. डिस्क कॉम्प्युटरवर उघडा. आत नुसती एमपी४ फाइल असेल तर डिस्क खराब नाही. बरेच जुने प्लेअर अशी फाइल वाचतच नाहीत. बर्निंग सॉफ्टवेअरमध्ये ‘डेटा डिस्क’ऐवजी ‘डीव्हीडी व्हिडिओ’ निवडा, पद्धत ‘पाल’ (PAL, भारतातल्या टीव्हीची चित्रपद्धत) ठेवा आणि नव्या डिस्कवर बर्न करा.

२. टीव्हीला जोडलेल्या रेकॉर्डरवर केलेली डिस्क असेल तर ती त्याच रेकॉर्डरमध्ये घालून ‘फायनलाइझ’ करा. हे राहून गेलं तर दुसरा प्लेअर ती ओळखत नाही. नवी डिस्क लागत नाही.

३. नवी डिस्क करायचीच असेल तर डीव्हीडी-आर (एकदाच लिहिता येणारी) घ्या. रीरायटेबल (पुसून पुन्हा लिहिता येणारी) डिस्क प्रकाश कमी परतवते, जुन्या प्लेअरना ती झेपत नाही. बर्न करायचा वेग आपोआप ठरू देऊ नका: १६एक्स (डिस्कवर छापलेला कमाल वेग) असेल तर ८एक्स, जमल्यास ४एक्स. वेळ थोडा जास्त जातो, पण शेवटी शेवटी चित्र अडकणं बऱ्याचदा इथेच थांबतं.

४. डिस्क पुसताना मऊ सुती कापड मधून कडेकडे सरळ न्या, गोल फिरवू नका.

एकच सांभाळा: जुनी डिस्क कॉम्प्युटरवर चालते आहे तोवर तिची कॉपी हार्ड डिस्कवर आधी घेऊन ठेवा, बाकीचं सगळं त्यानंतर.