हलाखीच्या बालपणाच्या आत्मकथनातील प्रतीके कशी वाचावीत

अशा आत्मकथनात प्रतीके शोधताना पुन्हा पुन्हा येणाऱ्या वस्तूंवर खूण करावी आणि ती वस्तू प्रत्येक वेळी कोणत्या प्रसंगी आली, त्या वेळी निवेदकाचे वय किती होते, हे समासात टिपावे. गळके छप्पर लहानग्याला गंमत वाटते, किशोरवयात त्याचीच लाज वाटू लागते आणि लिहिणाऱ्या प्रौढाला त्यात वडिलांनी न पाळलेला शब्द दिसतो. अर्थ असा बदलत गेला, तर ती वस्तू प्रतीक झाली असे समजावे. मात्र घाई नको. छप्पर आधी खरोखर गळत होते, अंथरूण खरोखर भिजत होते, हे विसरून लावलेला अर्थ, माझ्या मते, त्या दारिद्र्याचा अपमान ठरतो. एकदाच आलेली वस्तू बहुधा तपशीलच असते. ती सोडून द्यावी.