गाडीचा विमा आणि बँकेचे पॉइंट: सवलत पदरात कशी पाडून घ्यावी

बँकेच्या ॲपमध्ये किती पॉइंट साठले हे आपण हौसेने बघतो. गाडीच्या विम्याच्या कागदावर ‘नो क्लेम बोनस’, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, अशी एक ओळ असते, तिच्याकडे मात्र फारसे कुणी पाहत नाही. पैशाचा हिशोब केला तर या ओळीत वर्षाला चार-सहा हजार रुपये सहज असतात, आणि सर्वसाधारण क्रेडिट कार्डाच्या पॉइंटमधून त्याच्या निम्मे सुटले तरी खूप. म्हणून सुरुवात विम्यापासून करू, बँकेकडे नंतर वळू.

आधी पॉलिसीचा कागद उघडा

पीडीएफ काढा आणि प्रीमियमचा तक्ता शोधा. त्यात दोन रकाने दिसतील. एक ‘ओन डॅमेज’, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, ज्याला सगळे ओडी म्हणतात. दुसरा ‘थर्ड पार्टी’चा, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचे जे नुकसान होते त्याचा. थर्ड पार्टी विमा १९८८च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवते. १ जून २०२२पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला तो वर्षाला ३,४१६ रुपये होता. इथे घासाघीस चालत नाही. इलेक्ट्रिक गाडीला १५ टक्के सूट आहे, तीही सरकारनेच दिलेली.

सवलतीचा सगळा खेळ ओडीच्या रकान्यात आहे. तिथे मूळ ओडी प्रीमियम, त्याखाली वजा होणारा नो क्लेम बोनस आणि त्याची टक्केवारी लिहिलेली असते. हे दोन आकडे टिपून ठेवा, पुढचे सगळे गणित त्यांवरच आहे.

बोनसची शिडी समजून घ्या

एक वर्ष ओडीचा क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी ओडी प्रीमियमवर २० टक्के सूट मिळते. सलग दोन वर्षे क्लेम नसेल तर २५, तीन वर्षांनी ३५, चार वर्षांनी ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. त्यापुढे वाढत नाही. मधे एक क्लेम केला की शिडीवरून थेट खाली, पुन्हा शून्यापासून सुरुवात.

सवलत फक्त ओडीवर मिळते आणि साठतेही ओडीवरच. एखाद्या वर्षी पैसे वाचवायला नुसता थर्ड पार्टी विमा घेतला, तर त्या वर्षाचा बोनस जमत नाही.

छोट्या नुकसानीला क्लेम करण्याआधी कागद-पेन घ्या

पार्किंगमध्ये कुणीतरी मागून घासले, बंपर फाटला. गॅरेजवाला म्हणतो, “इन्शुरन्स आहे ना साहेब, मग कशाला काळजी?” त्याचे बरोबर आहे, त्याला पैसे कुठूनही मिळणार. तुम्ही मात्र एस्टिमेट हातात घ्या.

समजा नवा बंपर ५,००० रुपये, रंगकाम ४,००० आणि बसवण्याची मजुरी १,०००, मिळून १०,०००. तुमच्याकडे झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारे जादा संरक्षण, नसेल तर बंपर प्लॅस्टिकचा म्हणून निम्मी किंमत घसाऱ्यात जाते, उरतात २,५००. रंगाच्या बिलात चौथा हिस्सा सामानाचा धरतात आणि त्याचा निम्मा कापतात, म्हणजे ५०० गेले, ३,५०० उरले. मजुरी पूर्ण मिळते. बेरीज ७,०००. त्यातून सक्तीची कपात, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तुम्हीच सोसायची रक्कम, जाते. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला ती १,००० रुपये असते. हातात आले ६,०००.

आता गमावले किती ते बघा. मूळ ओडी प्रीमियम १२,००० आहे आणि सध्या तुम्हाला ३५ टक्के बोनस मिळतोय असे धरू. क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी ४५ टक्के सूट, म्हणजे ६,६०० भराल आणि त्यानंतर दरवर्षी ६,०००. क्लेम केला तर पुढच्या वर्षी पूर्ण १२,०००, मग ९,६००, ९,०००, ७,८००, ६,६०० आणि सहाव्या वर्षी कुठे पुन्हा ६,०००. दरवर्षीचा फरक मांडला तर ५,४००, ३,६००, ३,०००, १,८०० आणि ६०० असा येतो. एकूण १४,४०० रुपये. सहा हजारांसाठी चौदा हजारांवर पाणी सोडल्यासारखे झाले.

प्रत्यक्षात गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, दरवर्षी उतरते. त्यामुळे फरक थोडा कमी भरेल. उलट प्रीमियमवरचा १८ टक्के जीएसटी धरला तर पुन्हा वाढेल. मधल्या काळात मोठा अपघात होऊन क्लेम करावाच लागला तर बोनस तसाही जाणार. तरीही ढोबळ नियम म्हणून मी असे सुचवेन: कंपनीकडून प्रत्यक्ष हातात येणारी रक्कम पुढच्या दोन वर्षांच्या फरकापेक्षा कमी असेल, तर दुरुस्ती खिशातून करा. वरच्या उदाहरणात तो फरक ९,००० होतो. मोठे नुकसान असेल तर मात्र अजिबात बिचकू नका. बोनस जाईल म्हणून साठ हजारांची दुरुस्ती स्वतः भरणारे लोक असतात, त्यांना बघून वाईट वाटते. विमा त्यासाठीच घेतलेला असतो.

बोनस ४५-५० टक्क्यांवर पोचला असेल तर नूतनीकरणाच्या वेळी ‘एनसीबी प्रोटेक्ट’ (एनसीबी म्हणजे नो क्लेम बोनस) या ॲड-ऑनची, म्हणजे मूळ विम्याला जोडून घ्यायच्या जादा संरक्षणाची, किंमत विचारा. थोडा जास्त प्रीमियम घेऊन कंपनी ठरावीक क्लेमपर्यंत बोनस शाबूत ठेवते. वर्षाला किती क्लेम चालतात, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. बोनस २० टक्क्यांवर असताना या ॲड-ऑनवर खर्च करण्यात मला अर्थ दिसत नाही.

तारीख चुकवू नका

पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही तर साठवलेला सगळा बोनस जातो. पाच वर्षांची कमाई असली तरी जाते.

नवी गाडी घेतलेल्यांनी इथे जास्त जपावे. १ सप्टेंबर २०१८पासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, ओडी मात्र बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. पॉलिसीच्या कागदावर तीन वर्षांनंतरची तारीख दिसते आणि माणूस निर्धास्त राहतो. पोलिसांनी अडवले तरी थर्ड पार्टी चालू असल्याने कुणी काही बोलत नाही. इकडे ओडी कधीच संपलेला असतो. त्यामुळे दोन्ही तारखा मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये वेगवेगळ्या टाका आणि ओडीच्या तारखेआधी महिनाभर आठवण लावा.

तो महिना कोटेशन गोळा करायला वापरा. बोनस कंपनीला बांधलेला नसतो, कंपनी बदलली तरी तो तुमच्याबरोबर येतो. त्यामुळे ‘आमच्याकडे इतकी वर्षे आहात’ एवढ्यावर त्याच कंपनीत राहण्याचे कारण नाही. तीन ठिकाणची कोटेशने आयडीव्ही आणि ॲड-ऑन सारखे ठेवून मागा. आयडीव्ही कमी दाखवून स्वस्त वाटणारे कोटेशन ही सवलत नव्हे. गाडी चोरीला गेली तर भरपाईही तेवढीच कमी मिळते.

ऑनलाइन फॉर्ममध्ये ‘मागच्या वर्षी क्लेम केला होता का’ याचे उत्तर खरे द्या. खोटा बोनस लावून दोन हजार वाचतात, पण कंपन्या एकमेकींकडे खातरजमा करतात आणि ऐन अपघाताच्या वेळी ओडीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो.

गाडी विकताना बोनस काढून घ्या

बोनस माणसाचा असतो, गाडीचा नसतो. गाडी विकली की तो गाडीबरोबर नव्या मालकाकडे जात नाही. तुम्ही मागून घेतला तर तुमच्याकडे राहतो. मागून घेण्याचे काम साधे आहे. मालकी हस्तांतरणाचे फॉर्म २९ आणि ३० भरता तेव्हा त्यांच्या प्रती काढून ठेवा, त्या विक्रीच्या पुराव्यासह विमा कंपनीला पाठवा आणि ‘एनसीबी रिझर्व्हिंग लेटर’ मागा. हे पत्र तीन वर्षे चालते.

नव्या गाडीचा ओडी प्रीमियम २०,००० असेल आणि पत्रावर ५० टक्के असतील, तर पहिल्याच वर्षी १०,००० रुपये वाचतात. शोरूममध्ये ऑन-रोड किमतीचा जो कागद देतात, त्यात हा बोनस आपणहून कुणी लावत नाही. पत्र दाखवा, नवा आकडा लेखी घ्या. विमा शोरूमकडूनच घ्या अशी सक्ती करता येत नाही, बाहेरचे कोटेशन सोबत नेले तर बोलणे सोपे जाते.

घरात मालकाचे निधन झाले असेल, तर गाडी ज्यांच्याकडे राहते त्या पती, पत्नी, मुले किंवा आईवडिलांना बोनस मिळू शकतो. अशा काळात हे कुणाला सुचत नाही, म्हणून आवर्जून लिहिले.

बाकीच्या लहान सवलती

जुन्या मोटर टॅरिफमधून, म्हणजे गाडीच्या विम्याच्या जुन्या दरपत्रकातून, आलेल्या काही सवलती आजही विचारता येतात. पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने मान्य केलेले चोरीरोधक उपकरण बसवले असेल तर ओडीवर २.५ टक्के, कमाल ५०० रुपये. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनसारख्या मान्यताप्राप्त संस्थेचे सभासद असाल तर ५ टक्के, कमाल २०० रुपये. एवढ्यासाठी सभासद होऊ नका. आधीच असाल तर सांगायला विसरू नका.

ऐच्छिक कपात स्वीकारली, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये पहिले २,५०० रुपये जास्तीचे मी भरेन असे मान्य केले, तर त्या टॅरिफप्रमाणे २० टक्के सूट मिळे, पण कमाल ७५० रुपये. कंपनीगणिक आकडे बदलतात. छोटे क्लेम करायचेच नाहीत असे ज्याने ठरवले आहे, त्याला हे परवडते.

रोज लोकलने जाऊन गाडी फक्त रविवारी काढणाऱ्यांनी ‘पे ॲज यू ड्राइव्ह’ विचारावे. जुलै २०२२मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने कंपन्यांना अशा ॲड-ऑनची परवानगी दिली. वर्षाला किती किलोमीटर चालवणार ते ठरवून प्रीमियम कमी होतो. गणपतीला कोकणात आणि दिवाळीला गावी जाणे होत असेल तर ते किलोमीटर धरायला विसरू नका.

एजंट स्वतःच्या कमिशनमधून काही परत देतो म्हणाला तर नको म्हणा. १९३८च्या विमा कायद्याच्या ४१व्या कलमानुसार असे आमिष देता येत नाही आणि घेताही येत नाही.

आता बँकेचे पॉइंट: एका पॉइंटचे पैसे किती?

‘पाच हजार पॉइंट’ ऐकायला छान वाटते. बँकेच्या संकेतस्थळावर एका पॉइंटची किंमत शोधा. अनेक ठिकाणी ती २५ पैसे असते, म्हणजे पाच हजारांचे १,२५० रुपये. १०० रुपयांना दोन पॉइंट देणारे कार्ड असेल तर परतावा अर्धा टक्का. वर्षाला तीन लाख खर्च केले तर १,५०० रुपये सुटतात. त्यातून वार्षिक फी ५०० आणि जीएसटी ९० गेले, उरले ९१०.

एका महिन्याचे बिल थकवले तर काय होते? ४०,००० रुपये पुढे ओढले, व्याज महिना साडेतीन टक्के धरले, तर १,४०० रुपये व्याज आणि त्यावर २५२ रुपये जीएसटी. वर्षाचे पॉइंट एका महिन्यात गेले, वर पदरचे पैसे भरावे लागले. म्हणून पॉइंटच्या मागे लागण्याआधी बँकेत पूर्ण बिलाचे ऑटो-डेबिट लावा. ॲप ‘मिनिमम ड्यू’चाही, म्हणजे बिलातली फक्त किमान रक्कम भरण्याचाही, पर्याय देते, तो निवडू नका. दर महिन्याला पूर्ण बिल भरणे जमणारे नसेल, तर हा भाग सोडून द्या. तुमचा फायदा कार्ड न वापरण्यात आहे.

बिल वेळेवर भरत असाल तर कार्डाच्या अटींमधली वगळलेल्या खर्चांची यादी वाचा. प्रत्येक व्यापाऱ्याच्या प्रकाराला चार आकडी कोड असतो आणि त्यावरून बँक पॉइंट ठरवते. घरभाडे, वॉलेटमध्ये भरलेले पैसे आणि इंधन यांवर बहुतेक कार्डे पॉइंट देत नाहीत. विम्याच्या प्रीमियमवर काही देत नाहीत, काही मर्यादा घालतात. गाडीचा प्रीमियम भरण्याआधी ही यादी पाहा आणि विमा कंपनीच्या पेमेंटच्या पानावर बँकेची थेट सूट आहे का तेही बघा. थेट सूट पॉइंटपेक्षा नेहमी बरी, ती लगेच मिळते आणि मुदत संपून वाया जात नाही.

पेट्रोल पंपावर कार्ड वापरले की साधारण एक टक्का सरचार्ज लागतो. बरीच कार्डे तो माफ करतात, पण किमान आणि कमाल रकमेच्या अटीत. इतके बिल आले तरच माफी, त्यापलीकडे नाही. टाकी भरताना हा आकडा लक्षात असला की झाले. इंडियन ऑइलची ‘एक्स्ट्रारिवॉर्ड्स’ ही योजना कार्डापेक्षा वेगळी आहे. पंपावर नोंदवलेला मोबाइल नंबर सांगितला की तिचे पॉइंट जमतात.

पॉइंट वापरताना कॅटलॉगमधल्या वस्तूची बाजारातली किंमत तपासा. १२,००० पॉइंटला मिळणारा मिक्सर दुकानात २,४००ला असेल, तर २५ पैशांचा पॉइंट २० पैशांना गेला. बिलातच रक्कम वळती करून घेता येत असेल तर ते बघा, मात्र काही बँका त्यासाठी रिडम्प्शन फी, म्हणजे पॉइंट वापरण्याचे शुल्क, लावतात. त्यामुळे थोडे थोडे काढू नका, मुदत संपण्याआधी एकदम काढा.

पॉइंटच्या नावाने येणारे मेसेज

‘तुमचे ९,००० रुपयांचे पॉइंट आज रात्री संपणार, हे ॲप डाउनलोड करा’ असा मेसेज आला की हात आखडता घ्या. स्टेट बँकेच्या रिवॉर्ड योजनेच्या नावाने एपीके फाइल, म्हणजे मोबाइलवर थेट ॲप बसवणाऱ्या फाइल, फिरल्या, तेव्हा आम्ही एसएमएस किंवा व्हॉट्सॲपवर अशा लिंक पाठवत नाही, असे बँकेनेच सांगितले होते. फाइल उघडली की मोबाइलचा ताबा आणि ओटीपी चोरांच्या हाती. घरातल्या ज्येष्ठांना हे समोर बसून समजावा, कारण असे मेसेज त्यांच्याकडेही येतात. चुकून फाइल उघडली गेली तर लगेच इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते आणि कार्ड गोठवा आणि पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

कबूल केलेले पॉइंट बँकेने दिले नाहीत किंवा विमा कंपनीने बोनस लावला नाही, तर आधी त्यांच्याच तक्रार विभागाला लेखी कळवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर बँकेच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आणि विम्याच्या बाबतीत विमा लोकपाल आहे. विमा लोकपालांची कार्यालये मुंबई आणि पुण्यातही आहेत. दोन्हीकडे फी नाही, वकीलही लागत नाही. सोबत जुन्या पॉलिसीची प्रत, क्लेम नसल्याचे पत्र आणि तुम्ही पाठवलेला पहिला ईमेल जोडा.