पहिल्या बर्ड डॉगसाठी जवळचा प्रशिक्षण गट कसा शोधावा

अमेरिकेत किंवा कॅनडात पहिल्यांदाच बर्ड डॉग, म्हणजे पक्ष्यांच्या शिकारीत मदत करणारा कुत्रा, घेणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो: ‘एखादा चांगला क्लब गाठा.’ सल्ला खोटा नाही, पण त्याने काही हाती लागत नाही, कारण क्लब सापडणे हे मुळात अवघड कामच नव्हे. सापडलेल्या गटाच्या हाती आपले पाच-सहा महिन्यांचे पिल्लू द्यावे की नाही हे ठरवणे अवघड असते, आणि ते कसे ठरवावे याबद्दल सल्ला देणारे सहसा गप्प असतात. म्हणून या लेखात शोधाचा भाग थोडक्यात आणि पारखण्याचा भाग सविस्तर दिला आहे. पिल्लाचे लसीकरण पुरे झालेले आहे, ते हाकेला येते आणि क्रेटमध्ये, म्हणजे कुत्र्याच्या बंद पिंजऱ्यात, शांत बसते, एवढे मी गृहीत धरतो.

१. कुत्र्याचे काम आणि गटाचे काम जुळते का ते पाहा

पॉइंटर, सेटर, ब्रिटनी, जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर, विझ्ला या जाती पक्ष्याचा वास लागताच जागच्या जागी थिजून उभ्या राहतात; यालाच ‘पॉइंट धरणे’ म्हणतात. स्पॅनियल गवतात घुसून पक्षी उठवतात. रिट्रीव्हर पडलेला पक्षी शोधून आणतात. या तिन्ही कामांचे प्रशिक्षण वेगळे आणि गटही वेगळे असतात. लॅब्रॅडॉर घेऊन तुम्ही पॉइंटरवाल्यांकडे गेलात तर कोणी हाकलून देणार नाही, पण दिवसभरात तुमच्या कुत्र्याच्या कामाचे फारसे काही घडणारही नाही. पुढचे विवेचन मुख्यतः पॉइंट धरणाऱ्या जातींना धरून आहे. स्पॅनियल आणि रिट्रीव्हरवाल्यांनी संस्थांची नावे बदलून घ्यावीत, पारखण्याची रीत तीच आहे.

२. यादी करा

पॉइंट धरणारी जात असेल तर सुरुवात नॉर्थ अमेरिकन व्हर्सटाइल हंटिंग डॉग असोसिएशनपासून, म्हणजे सगळे जिला ‘नॅव्हडा’ म्हणतात तिच्यापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. १९६९ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे चॅप्टर, म्हणजे स्थानिक शाखा, दोन्ही देशांत आहेत. तिथली परीक्षा ही स्पर्धा नसते: तीन परीक्षक कुत्र्याला ठरलेल्या मापदंडावर गुण देतात, शेजारच्या कुत्र्याशी त्याची तुलना करत नाहीत. नवख्याला याचा मोठा फायदा होतो, कारण तुमचा कुत्रा मागे पडण्यात गटातल्या कोणाचाच लाभ नसतो. पहिली परीक्षा, ‘नॅचरल अबिलिटी टेस्ट’, ही १६ महिन्यांपर्यंतच्या पिल्लांसाठी असते आणि तीत नाक, शोध, पॉइंट, माग काढणे, पाण्यात उतरण्याची तयारी आणि सहकार्याची वृत्ती पाहतात. तुमचे पिल्लू त्या वयात असताना जवळपास ही परीक्षा केव्हा आहे ते लवकर पाहून ठेवावे. जागा मोजक्या असतात.

दुसरा मार्ग अमेरिकन केनेल क्लबशी संलग्न असलेल्या जातवार क्लबांचा. त्यांच्या हंट टेस्टला ज्युनियर, सीनियर आणि मास्टर असे स्तर आहेत, कुत्रा सहा महिन्यांचा झाला की भाग घेता येतो, आणि याही परीक्षांत पास किंवा नापास एवढेच असते. फील्ड ट्रायल हा मात्र वेगळा प्रकार असून तिथे कुत्र्यांची एकमेकांशी स्पर्धा लागते. नॅशनल शूट टू रिट्रीव्ह असोसिएशनच्या ट्रायलमध्ये दोन कुत्रे अर्ध्या तासासाठी एकाच मैदानात सोडतात आणि मैदानात पाच पक्षी ठेवलेले असतात. तिथली माणसे उत्साही असतात, पण घड्याळ आणि गुण त्यांच्या डोक्यातून जात नाहीत. काही ट्रायलमध्ये तर हँडलर, म्हणजे कुत्रा हाताळणारा, आणि परीक्षक घोड्यावर असतात आणि कुत्रा क्षितिजापर्यंत पळालेला त्यांना हवा असतो. हे लोक आपल्या विषयात पारंगत असले, तरी पायी शिकार करणाऱ्याने त्यांच्याकडून कुत्रा किती लांब जाऊ द्यावा याचा सल्ला घेऊ नये.

ज्याच्याकडून पिल्लू घेतले त्या ब्रीडरला फोन करून त्याच्या आधीच्या पिल्लांचे मालक कुठे सराव करतात ते विचारावे. पुष्कळदा शोध तिथेच संपतो. फेझंट्स फॉरेव्हर, क्वेल फॉरेव्हर किंवा रफ्ड ग्राउस सोसायटी या संवर्धन संस्था कुत्र्यांना प्रशिक्षण देण्यासाठी नाहीत, पण त्यांच्या स्थानिक शाखांतले कितीतरी सभासद कुत्रे बाळगतात आणि आपसांत लहान गट करून सराव करतात. असे गट यादीत कुठेच नसतात, माणसाला माणूस विचारूनच ते सापडतात.

३. सचिवाला फोन करा, आणि पहिल्या भेटीला कुत्रा नेणार नाही असे सांगा

फोनवर चारच गोष्टी विचाराव्यात: सरावाचे दिवस कोणते, एका दिवशी साधारण किती कुत्रे येतात, पक्षी कोण आणतो आणि त्यांचा खर्च कसा वाटला जातो, आणि नव्या पिल्लाचे पहिल्या दिवशी नेमके काय केले जाते. शेवटच्या प्रश्नाला ‘घेऊन या, बघू’ असे उत्तर आले तर नाराज होऊ नका, पण लक्षात ठेवा. ‘आधी एक दिवस नुसते पाहायला येतो, काही काम असेल तर सांगा’ या वाक्यावर चांगले गट खूश होतात, कारण पक्षी ठेवायला आणि सामान वाहायला त्यांना नेहमीच हात कमी पडतात.

४. काठावर उभे राहून गट पारखा

मला सगळ्यांत जड गेलेला टप्पा हाच. नवख्याची नजर आपसूक सर्वांत तयार कुत्र्याकडे जाते: तो दगडासारखा पॉइंट धरून उभा आहे, पक्षी उडाला, बंदूक वाजली, तरी हललेला नाही, आणि आपण मनोमन गटाला पूर्ण गुण देऊन टाकतो. त्या कुत्र्याकडे अजिबात पाहू नका. तो कदाचित तीन वर्षे घासलेला असेल, कदाचित पैसे मोजून व्यावसायिक प्रशिक्षकाकडून तयार करून आणलेला असेल. त्या दिवशीच्या सर्वांत लहान, सर्वांत बावरलेल्या पिल्लाला हुडका आणि त्याच्यावरून नजर हलवू नका. तुमच्या पिल्लाची पाळी येईल तेव्हा त्याच्याशी हे लोक असेच वागणार आहेत.

आधी पक्षी पाहा. सरावासाठी बहुधा कबुतरे, बॉबव्हाइट लावे किंवा चकोर वापरतात. जाणकार माणूस कबुतराची मान पंखाखाली दुमडतो, हातात धरून त्याला हलके गोल फिरवतो आणि गवताच्या बुंध्याशी अलगद ठेवतो. गुंगी आलेले कबुतर काही वेळ तिथेच पडून राहते. लाँचर, म्हणजे बटण दाबताच पक्षी वर फेकणारा सापळा, वापरत असतील तर तो कुठे मांडला आहे आणि वारा कुठून येतो आहे हे पाहावे. पिल्लू वाऱ्याला आडवे आणले जाते, लाँचरपासून बऱ्याच अंतरावर असतानाच त्याच्या नाकात वास शिरतो, मान एका झटक्यात वळते, शेपटी ताठ होते. पिल्लू थांबले तर सगळे गप्प उभे राहतात. ते पुढे झेपावले तर पक्षी ताबडतोब हवेत उडवला जातो, जेणेकरून जवळ गेले की पक्षी हातचा जातो हे त्याला कोणी न ओरडताच कळावे. पिल्लू थेट लाँचरवर पोहोचले असताना बटण दाबणाऱ्या माणसापासून दूर राहा. नाकासमोर लोखंडी खटका वाजून पक्षी फडफडत उडाला की कोवळे पिल्लू पक्ष्यालाच भिऊ लागते, आणि पुढे वास लागूनही न लागल्यासारखे तोंड फिरवून निघून जाते. ही सवय घालवणे फार कठीण असते. उलट टोकाचा प्रकार म्हणजे उडता न येणारे पक्षी एकापाठोपाठ पकडू देणे. त्यात पिल्लाला मजा येते, मालकाला फोटो मिळतो, आणि थांबण्याचे कारण पिल्लाच्या डोक्यातून निघून जाते.

मग बंदूक. येथे मी कोणतीही सवलत देत नाही. बंदुकीला घाबरणे कुत्र्यात बहुतेक वेळा माणसानेच निर्माण केलेले असते, आणि तेही एखाद्या अविचारी दुपारी. योग्य रीत संथ आहे: पिल्लू उडत्या पक्ष्यामागे जीव खाऊन धावत असताना शंभरेक यार्डांवर उभ्या असलेल्या मदतनिसाने ब्लँक पिस्तुलाचा, म्हणजे गोळी न सुटता नुसता आवाज करणाऱ्या पिस्तुलाचा, एकच बार काढायचा आणि सर्वांनी पिल्लाचे कान व शेपटी पाहायची. ते धावतच राहिले तर पुढच्या काही सरावांत अंतर थोडे थोडे कमी करत जायचे. ते थबकले किंवा मागे वळून पाहू लागले तर त्या दिवशी बंदूक पेटीत जाते. पिल्लाचा पक्ष्यामागे धावण्याचा नाद पुरता भडकल्याशिवाय आवाजाचे नाव काढायचे नाही. ‘नेमबाजीच्या मैदानाशेजारी बांधून ठेवा, आपोआप सवय होईल’ असे सांगणारा गट कितीही प्रेमळ असला तरी तिथून निघावे. जेवणाच्या भांड्याजवळ डबे बडवण्याचा सल्लाही त्याच पंक्तीतला आहे. आणखी एक गोष्ट कोणीच सांगत नाही: सराव संपल्यावर काही ठिकाणी मंडळी मातीच्या तबकड्यांवर नेम धरत बसतात आणि पिल्ले जवळच्या गाड्यांत क्रेटमध्ये अडकलेली असतात. अशा वेळी तुमची गाडी दूर हलवा किंवा सरळ घरी जा.

तिसरी गोष्ट म्हणजे दबाव. विद्युत पट्टा हे साधन मला अमान्य नाही, मात्र कुत्र्याला आज्ञा पक्की समजल्यानंतरच ते वापरावे. पहिल्याच भेटीत अनोळखी पिल्लाच्या गळ्यात पट्टा अडकवून बटण दाबणारा माणूस शिकवत नसतो, तो स्वतःचा वेळ वाचवत असतो. पक्षी तोंडात धरून आणायला सक्तीने शिकवण्याचे तंत्रही दुधाचे दात पडून पक्के दात येईपर्यंत कोणालाही तुमच्या पिल्लावर वापरू देऊ नका. पिल्लाचा पाच-सहा मिनिटांचा सराव चांगला झाला की तिथेच थांबून त्याला गाडीत ठेवणारा गट शहाणा समजावा; ‘आता छान करतोय, अजून एक पक्षी होऊ दे’ हे वाक्य दिवसभरात वारंवार कानावर पडले तर सावध व्हा.

माणसे कशी आहेत हे त्यामानाने पटकन कळते. बंदूक हाताळताना नळी कुठे रोखलेली आहे याकडे सगळ्यांचे लक्ष असते का, भडक नारिंगी जाकीट सर्वांच्या अंगावर आहे का, आणि एखाद्याचा कुत्रा बिघडला तर बाकीचे हसतात की चेक कॉर्ड, म्हणजे वीस-तीस फुटांची लांब दोरी, धरायला पुढे होतात, एवढे पाहिले तरी पुरे. सल्ल्यांचा मात्र पूर येईल. दहा माणसे दहा रीती सांगतील आणि त्यांतल्या सात चालणाऱ्याही असतील, पण एका पिल्लावर एका वेळी एकच रीत चालते. गटात ज्याचे कुत्रे तुम्हाला आवडतात आणि ज्याची जात तुमच्या जातीशी मिळतीजुळती आहे असा एक जण निवडून वर्षभर त्याचेच ऐकावे. इतरांना ‘हो, बघतो’ म्हणावे.

५. कुत्रा न्या

पाणी, क्रेट, चेक कॉर्ड आणि लसीकरणाचे कागद सोबत घ्या; मादी माजावर असेल तर आधी कळवा, शक्यतो आणूच नका. सरावाचा नंबर येईपर्यंत पिल्लू गाडीतच ठेवावे, इतर कुत्र्यांशी खेळायला सोडू नये. आज त्याला बंदुकीचा आवाज ऐकवायचा नाही, असे सुरू होण्याआधी मोठ्याने सांगा. संकोच वाटेल, पण चांगल्या गटात या वाक्याने तुमची किंमत वाढते.

६. नियम स्वतः वाचा

गटातल्या जुन्या माणसाच्या शब्दावर विसंबू नये. कित्येक राज्यांत पक्ष्यांच्या विणीच्या काळात, म्हणजे वसंतापासून उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत, सार्वजनिक जमिनीवर कुत्रे सोडून सराव करायला बंदी किंवा मर्यादा असते, आणि पाळलेले लावे किंवा फेझंट बाळगायला परवाना अथवा खरेदीची पावती लागू शकते. साध्या कबुतराला, म्हणजे पारव्याला, १९१८च्या स्थलांतरित पक्षी कायद्याचे संघीय संरक्षण नाही. सरावात त्याचा एवढा वापर होतो त्याचे हेही एक कारण आहे, तरी राज्याचे आणि गावाचे नियम वेगळे पाहावे लागतात. राज्याच्या वन्यजीव खात्याच्या चालू वर्षाच्या पुस्तिकेत हे सारे सापडते.

७. जवळ गटच नसेल तर

तीन-चार तासांच्या अंतरावरचा चांगला चॅप्टर महिन्यातून एकदा आणि मधल्या आठवड्यांत दोन-तीन शेजारी मालक मिळून घरचा सराव, ही जोडणी मला जवळच्या वाईट गटापेक्षा कधीही पसंत आहे. त्यासाठी परत घरट्याकडे येणारी थोडी कबुतरे, एक लाँचर, एक ब्लँक पिस्तूल आणि जमीनमालकाची लेखी परवानगी लागते. कबुतरे आधी खुराड्यात महिनाभर तरी रुळू द्यावीत, नाहीतर पहिल्याच दिवशी सोडलेली परत येणार नाहीत. दूरच्या चॅप्टरमध्ये निवडलेल्या त्या एका माणसाला घरच्या सरावाचे चित्रण दाखवत जावे, आणि त्यात लाँचर व वाऱ्याची दिशा स्पष्ट दिसेल असा कोन धरावा. नुसता कुत्र्याचा पॉइंट पाहून त्याला काहीच सांगता येणार नाही.