मेलानोमा लसिकाग्रंथींत पसरला असण्याची शक्यता कशी अजमावावी

मेलानोमा हा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. त्याच्या पॅथॉलॉजीचा अहवाल हाती आला की सर्वप्रथम ‘ब्रेस्लो जाडी’ शोधावी. त्वचेच्या वरच्या भागातील कणीदार थरापासून कर्करोगाच्या सर्वांत खोल पेशीपर्यंतचे हे अंतर मिलिमीटरमध्ये मोजतात. पॅथॉलॉजिस्ट अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० साली मांडलेले हे माप आजही अंदाजाचा कणा आहे. मात्र बायॉप्सीचा तुकडा वरवर खरवडून घेतला असेल आणि त्याच्या तळाशी कर्करोगाच्या पेशी दिसत असतील, तर खरी जाडी नोंदीपेक्षा जास्त असू शकते, हे आधी तपासावे, कारण पुढचे सारे गणित याच आकड्यावर उभे राहते.

जाडी ०.८ मिमीपेक्षा कमी आणि व्रण (गाठीवरची त्वचा झिजून पडलेली जखम) नसेल, तर लसिकाग्रंथीत कर्करोगाच्या पेशी सापडण्याची शक्यता सहसा ५ टक्क्यांच्या आत असते. ०.८ ते १ मिमी जाडीला, किंवा त्याहून पातळ पण व्रण पडलेल्या गाठीला, ती साधारण ५ ते १० टक्के मानतात. १ मिमीच्या पुढे ती बहुधा १० टक्क्यांवर जाते.

त्यानंतर पेशीविभाजनाचा दर, लसिकावाहिन्यांत किंवा रक्तवाहिन्यांत शिरकाव, मेलानोमाचा प्रकार आणि रुग्णाचे वय पाहावे. वयाची गंमत अशी की तरुण रुग्णांच्या ग्रंथीत पेशी अधिक वेळा सापडतात, तरीही वृद्धांच्या तुलनेत त्यांचे जगण्याचे प्रमाण चांगले असते. म्हणून ग्रंथीचा अंदाज म्हणजे आयुष्याचा अंदाज असे समजू नये.

‘मेलानोमा इन्स्टिट्यूट ऑस्ट्रेलिया’चे गणकयंत्र जाडी, व्रण आणि वरचे चार असे सहाही घटक एकत्र करून टक्केवारी देते. ते मुख्यतः गोऱ्या रुग्णांच्या नोंदींवर बेतलेले आहे. आपल्याकडे मेलानोमा अनेकदा तळपायावर किंवा नखाखाली आढळतो, त्यामुळे अशा रुग्णाच्या बाबतीत येणारा आकडा मी जरा सावधपणेच वाचेन.

शक्यता ५ टक्क्यांहून कमी असल्यास सेंटिनल ग्रंथीची बायॉप्सी सहसा सुचवत नाहीत, ५ ते १० टक्क्यांना रुग्णाशी चर्चा करून ठरवतात, आणि १० टक्क्यांवर ती करण्याचा पर्याय रुग्णापुढे ठेवतात. या बायॉप्सीत गाठीपाशी किरणोत्सारी द्रव्य व निळा रंग टोचून, तो ज्या ग्रंथीत प्रथम पोहोचतो तीच काढून तपासतात. तिच्यात पेशी सापडल्या तरी आता त्या भागातील उरलेल्या सर्व ग्रंथी सरसकट काढत नाहीत; २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तसे केल्याने मेलानोमाने होणारे मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही, म्हणून ठराविक काळाने सोनोग्राफी करून लक्ष ठेवणे बहुतेकांना पुरते.